चाळीचे गुप्त पाहुणे

"टेम्पो मंगळवारीच येतो का हो? किती कॅन उतरतात?" असं विचारून झालं की ते दोन्ही हात झटकायचे आणि म्हणायचे, "आपल्याला काय करायचंय म्हणा!"

आमच्या लालबागच्या चाळीत त्यांना सगळे पाहुणे म्हणत. नाव त्यांनी सांगितलं होतं, पण ते खरं नसणार हे सगळ्यांना माहीत होतं. मला हे सगळं नीट लिहिता येईल की नाही, कल्पना नाही. आमच्या घरात लिहायला बसणारी मीच पहिली. पण अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, तेव्हा माझं काही राहिलं तर तुम्ही भरून घ्याल.

गिरण्यांच्या संपाचं दुसरं वर्ष होतं. चाळीच्या मागच्या अंगाला हातभट्टीच्या दारूचा गुत्ता जोरात चालायचा. घरी बसलेले गिरणी कामगार सकाळपासून तिथे. त्यात माझे बाबाही. चौकीतले पोलीस तिथे अधूनमधून यायचे आणि मिशा पुसत बाहेर पडायचे. म्हणून वरच्या कुठल्या तरी साहेबाने साध्या वेशातला माणूस पाठवला, संपावरचा कामगार म्हणून. ते हे पाहुणे. गॅलरीच्या टोकाला वळकटी टाकून राहू लागले.

"कुठल्या खात्यात होता?" बाबांनी विचारलं.

"साचा खात्यात."

इथेच ते चुकले. साचा खातं म्हणजे शेकडो मागांचा खडखडाट. तिथे वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या कानाशी फटाका लावला तरी तो शांतपणे विडी ओढत बसतो. माझे बाबा तसेच. आणि हे गृहस्थ तर तिसऱ्या मजल्यावर बायका कुजबुजल्या तरी मान वळवायचे. बाबांनी एकदा त्यांच्या पाठीमागे मुद्दाम चमचा पाडला. पाहुणे गर्रकन वळले.

"पोलीस आहे," बाबा आईच्या कानात म्हणाले. त्यांच्या मते कानात. समोरच्या चाळीतले दोघे खिडकीत आले. तेवढ्या एका वेळी मात्र पाहुण्यांनी आपल्याला काही ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

कुणी त्यांना तोंडावर काही बोललं नाही. आई सकाळी चहा द्यायची. "बिचाऱ्याक गावाक बायको असतली," म्हणायची.

बायको होती, दोन मुलीही होत्या. राहायला जागा नाही म्हणून गावी ठेवलेल्या. "दर पत्रात एकच, खोली मिळाली का," ते मला सांगायचे. कारण पत्रं मी लिहून द्यायची. "माझं अक्षर साहेबांना लागत नाही. म्हणजे अण्णांना. आमच्या थोरल्या भावाला."

मग ते सांगत आणि मी लिही. 'तीर्थरूप अण्णांस, शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. टेम्पो मंगळवारी आला. माल मोरीमागच्या पोटमाळ्यावर आहे.' मी मान वर करत नसे. हसू आलं असतं.

गुत्तेवाला मुरलेला होता. त्याने पैशांची भाषाच केली नाही. आमच्या शेजारची, कोपऱ्यातली खोली बंद होती. तिथले नाना संपात गावी गेले आणि किल्ली गुत्तेवाल्याकडे राहिली. कशी राहिली, हे कुणी विचारत नसे. एका दुपारी त्याने ते कुलूप उघडलं आणि पाहुण्यांना म्हणाला, "गॅलरीत किती दिवस काढणार? बायकापोरं आणा. तुमचीच समजा."

पाहुणे आत गेले ते तासभर बाहेर आले नाहीत. नंतर रोज जाऊ लागले. पावलं टाकून खोली मोजायची. आठ लांब, सहा रुंद. उलट्या बाजूनेही तेवढीच भरते का ते बघायचं. "इथं पलंग. इथं पोरींची दप्तरं," हे स्वतःशीच, पण साचा खात्यातल्या माणसासारखं मोठ्याने. टेम्पोची चौकशी थांबली. बायका गॅलरीत उभ्या राहून बघायच्या. आई म्हणाली, "खोली घेतल्यान वाटता मेल्यान! आता गुत्तो कसलो बंद होता?" आणि जिना चढताना धडपडणाऱ्या बाबांना धरायला गेली.

रविवारी पाहुणे अंतर्देशीय पत्र घेऊन आले. "लिही. अण्णांस नमस्कार. टेम्पो हल्ली येत नाही. इथं तसं काही नाही."

मी 'टेम्पो' लिहिलं आणि पेन अडलं. मोठ्या माणसाला उलट बोलायची मला सवय नव्हती. आताही नाही.

"काका, हे तुम्ही तुमच्या हातानं लिहा."

"का गं? माझं अक्षर अण्णांना..."

"साहेबांना लागेल. एवढं लागेल."

ते हळूच म्हणाले, "कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना."

"तुझ्या आईला?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"आणि तरी चहा देत होती?"

"पाहुणे म्हणून."

ते वळकटीवर बसले. "म्हणजे सहा महिने मी लपत होतो कुणापासून?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि स्वतःच लिहायला लागले, एकेक अक्षर कोरून, शाळेतल्या मुलासारखं. काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

पुढच्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी धाड पडली. साहेबाने पाठवलेल्या नव्या पोलिसांना पाहुणे कोण ते ठाऊक नव्हतं. पहिला दांडका त्यांनाच बसला. ते कळवळून "अरे, मी, मी..." करत राहिले, पण पुढचं बोलले नाहीत. गाडीत माझ्या बाबांशेजारीच त्यांना कोंबलं. बाबा त्यांच्या कानात म्हणाले, "येड्या, खोली घ्यायची होतीस की!" ते नाक्यापर्यंत ऐकू गेलं.

काही महिन्यांनी गुत्ता पलीकडच्या तिसऱ्या गल्लीत पुन्हा उघडला. पण बाबांचे गुडघे दुखायचे. तेवढं चालत जायचा त्यांना कंटाळा यायचा. आम्हाला एवढंही पुष्कळ होतं.

कोपऱ्यातल्या खोलीत नाना आणि नानी परत आले. आणि एका सुट्टीच्या दिवशी पाहुणे आले, खाकी गणवेशात. बरोबर बायको आणि दोन मुली, गावाहून चार दिवसांसाठी मुंबई बघायला आलेल्या. राणीचा बाग बघून झाला होता. आता ही खोली दाखवायची होती.

नानीने सगळ्यांना आत घेतलं, चहा टाकला. पाहुण्यांची बायको दारातच उभी राहून भिंती, मोरी, खिडकी बघत होती. मुली मात्र आत जाऊन खिडकीखाली बसल्या. दुपारचं ऊन सरळ स्टोव्हपर्यंत आलं होतं आणि त्या उन्हात त्या पाय पसरून बसल्या होत्या.

"अंधारी आहे हो खोली," बायको पाहुण्यांना म्हणाली. "बरं झालं नाही घेतली."

नानी काही बोलणार, तेवढ्यात आईने तिचा हात दाबला.

पाहुण्यांनी खिडकीकडे पाहिलं. टोपी काढून काखेत धरली. "व्हय," ते म्हणाले, "लई अंधार."

त्यानंतर ते कधी आले नाहीत.