यात रस्ता दिसतोय

"मॅडम, हे फोटो चालणार नाहीत. यात रस्ता दिसतोय."

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सावंतसाहेब माझ्या डायनिंग टेबलावर प्रिंट्स पसरून बसले होते. नायगावचा आमचा टॉवर, खालचं गेट, गेटजवळ रस्त्याच्या कडेला भाजी घेऊन बसणाऱ्या चार बायका. त्यांना उठवण्यासाठी सोसायटीनं प्रभाग कार्यालयात अर्ज केला होता. रस्ता अडतो, अ‍ॅम्ब्युलन्स येऊ शकत नाही, असं कारण दिलं होतं. अर्जाला फोटो जोडायचे होते आणि या बायकांचे फोटो माझ्याकडे ढिगानं होते.

पोटासाठी मी बिल्डरांच्या ब्रोशरचे फोटो काढते. सॅम्पल फ्लॅट, स्विमिंग पूल, जरा जास्तच हिरवं गवत. स्वतःसाठी मात्र रस्त्यावर फिरते, तेही जुन्या फिल्मच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यानं. तो माझ्याहून वयानं मोठा आहे. त्याला स्क्रीन नाही, झूम नाही. फोटो काढताना आपण लेन्समधून बघतही नाही, वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीतून बघतो. त्या खिडकीत मधोमध समोरच्या वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची रिंग फिरवत त्या एकमेकींवर नीट बसवल्या की फोकस झाला. रिंगवर फुटांचे आकडे असतात, म्हणजे वस्तू किती लांब आहे तेही कळतं. चेहरा मोठा हवा असेल तर उठून जवळ जायचं, दुसरा इलाज नाही. त्यामुळे त्या चौघी मला नावानं ओळखत होत्या.

"मग कसे हवेत?" मी विचारलं.

"टेरेसवरून घ्या. तुमच्याकडे तो मोठा झूम आहे ना? सगळं खचाखच दिसलं पाहिजे."

माणूस हुशार होता. लांबून झूम केलं की पुढचं आणि मागचं एकमेकांना चिकटतं. टीव्हीवर क्रिकेट बघताना बोलर आणि बॅट्समन हात मिळवतील इतके जवळ वाटतात, तसंच. अशा फोटोत आमच्या रस्त्यावर मुंगीलाही वाट उरली नसती.

"पण खाली तसं नाहीये साहेब. गाडी आरामात जाते."

"मॅडम, ब्रोशरमध्ये तुम्ही खाडीचा चिखल लेकव्ह्यू म्हणून दाखवता. तेव्हा चालतं?"

झोंबलं. खरं होतं म्हणूनच झोंबलं.

"तिकडे गिऱ्हाईक स्वतः येऊन चिखल बघून जातं," मी म्हटलं. "इथे चार बायकांची जागा जाईल. मी नाही काढणार."

"सोसायटीत राहायचंय ना आपल्याला?"

"फ्लॅट माझ्या नावावर आहे, साहेब. चहा घेणार?"

चहा न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरले तर हिरामावशीनं तोंड फिरवलं. हिरामावशी म्हणजे चौघींतली सगळ्यात जुनी. उमेळ्याकडून शेअर रिक्षानं टोपली घेऊन येते. अळू, पडवळ, केळफूल, सगळं स्वतःच्या शेताच्या बांधावरचं. वॉचमननं तिच्या कानावर अर्धीच बातमी घातली होती.

"एवडे दिवस फोटो काडत होतीस ते आमाला उठवाला काय?"

"मावशी, मी नाही म्हटलंय त्यांना."

"कोन जाने बाय. आमी हितं बसाला लागलो तवा तुमचा टावर पन नव्हता. कोन कोनाच्या रस्त्यात आलं, सांग."

मला फार वाईट वाटलं. मग राग आला आणि तो उतरायला तयार होईना. नुसतं नाही म्हणून काय उपयोग? सावंतांना मोबाइलवाला कुणीही मिळाला असता. मी म्हटलं, "मावशी, जरा सरक. तुझ्या जागेवर बसू दे."

तिनं कुरकुरत गोणपाट मोकळं करून दिलं. मी टोपलीमागे बसले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. इतके दिवस मी या बायकांकडे बघून फोटो काढले होते. त्यांना समोर काय दिसतं, ते कधी बघितलंच नव्हतं. समोर नो पार्किंगचा बोर्ड होता आणि बोर्डाखाली ओळीनं आमच्या सोसायटीच्या गाड्या. आत पार्किंग आहे, पण खांबांमुळे गाडी काढताना मागेपुढे करावं लागतं, म्हणून सगळे बाहेर लावतात. तिसरी गाडी सावंतांची होती. पहिली माझी.

रेंजफाइंडरला फोकससाठी सरळ उभी रेघ लागते. माझ्या गाडीच्या दाराची कड अगदी मोक्याला होती. दोन कडा एकमेकींवर बसवल्या आणि बटण दाबलं. रोल घरीच धुतला, म्हणजे बाथरूममध्ये केमिकलमधून काढला, आणि मोठी प्रिंट केली.

पाहणीला प्रभाग कार्यालयातून एक इन्स्पेक्टर बाई आल्या. सोबत एक कर्मचारी. सावंतांनी कुणाकडून तरी टेरेसवरून झूम करून घेतलेले फोटो पुढे केले. मी माझी प्रिंट दिली. बाईंनी दोन्ही शेजारी धरले.

"हा एकच रस्ता आहे?"

"मॅडम, यांचा कॅमेरा जुना झालाय," सावंत म्हणाले. "कसाही दाखवतो. प्रत्यक्षात पाच-सहा फूटसुद्धा उरत नाही."

मी पुन्हा हिरामावशीच्या गोणपाटावर जाऊन बसले, टोपलीच्या कडेशी कॅमेरा धरला, समोरच्या दाराच्या कडेवर फोकस केला आणि रिंग बाईंसमोर धरली. "वाचा, मॅडम."

त्यांनी चष्मा वर सरकवून वाचलं. "अकरा."

"आणि पलीकडच्या गाड्या काढल्या की आणखी सहा."

बाईंनी कर्मचाऱ्याला टेप लावायला सांगितला. टेपनंही अकराच्या वर बोटभरच दाखवलं. "यातून अ‍ॅम्ब्युलन्स जाते," बाई म्हणाल्या. "आता या गाड्या कुणाच्या?"

सावंतांचा आवाज चढला. "या फोटोत हिची स्वतःची गाडी आहे, मॅडम! विचारा तिला!"

"आहे ना," मी म्हटलं. "सगळ्यात शार्प तीच आलीय."

हिरामावशी एवढ्या जोरात हसली की टोपलीतलं पडवळ खाली पडलं.

बायकांना पांढरा पट्टा मारून दिला आणि पट्ट्याच्या आत बसायला सांगितलं. त्या बसतात. बाहेरच्या गाड्या आत गेल्या. मला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं आणि पार्किंगमध्ये सगळ्यात अडचणीचा खांब दिला. रोज सकाळी तीनदा मागेपुढे करून मी गाडी काढते आणि गेटवर काच खाली करून हिरामावशीला हात करते.

नवीन फोटोग्राफरांना माझा सल्ला एकच. दुसऱ्याचं अतिक्रमण दाखवायचं असेल तर फोटो लांबून आणि उंचावरून काढा. जवळ जाऊन बसलं की आपलीच गाडी फ्रेममध्ये येते.