ग्यारंटी काकांची दुसरी पिन

ग्यारंटी काकांना गुपित ठेवता येत नसे. ठेवायचं नसे असं नाही, जमतच नसे. एखाद्याला वांगं सोसत नाही, तसं त्यांना गुपित सोसत नसे. काकींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा ते डहाणूच्या अर्ध्या भाजीबाजाराला काकींच्या आधी माहीत होतं. आणि अशा माणसाला पेटंट मिळवून द्यायला मी निघाले होते! मी, भिंतीवर वकिलीची सनद टांगून बसलेली शहाणी बाई.

आमच्या घरामागच्या गल्लीत त्यांचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याचे पंप, जे येईल ते करायचे आणि देताना गिऱ्हाइकाच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "घेऊन जा, वापर, मग बोल. ग्यारंटी माझी." समोरचा गुजराती असला तर, "लई जा, वापर, पछी बोल." बिल मात्र कधी द्यायचे नाहीत. मी म्हणायची, "काका, बिल हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. उद्या काही बिघडलं तर तो कुणाला धरणार?" काका म्हणायचे, "मला धरेल की. मी काय कुठे जातोय?"

ग्यारंटी किती दिवसांची, हेही त्यांनी कधी ठरवलं नाही. एकदा एक माणूस माझ्या जन्माआधी बनवलेलं गेट घेऊन आला. त्याच्याच टेम्पोने त्या गेटला मागून धडक दिली होती आणि हे तो स्वतःच्या तोंडाने सांगत होता. काकांनी बिजागरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "टिकायला हवी होती." दिलं फुकट दुरुस्त करून! मी कुंपणापलीकडून बघत होते. वैताग येतो म्हणजे काय होतं, हे मी या माणसाकडून शिकले.

पण हात सोन्याचा होता, ते नाकारून चालणार नाही. आमच्याकडे उंच झाडावरचा चिकू काठीला बांधलेल्या जाळीने उतरवतात. ओढताना देठ तुटतो, चीक फळावर ओघळतो, फळ डागाळतं आणि व्यापारी तोंड वाकडं करतो. वाडीतल्या बाया हाताने चिकू काढताना देठाला एक पीळ देतात, हे काका बरीच वर्षं बघत होते. मग त्यांनी काठीच्या टोकाला बसणारा एक चिमटा बनवला. खालून दोरी ओढली की चिमटा देठ पकडायचा, अर्धा वळायचा आणि चिकू अलगद जाळीत. मी स्वतः काढून पाहिला. फळावर चिकाचा थेंब नाही. "काका, हे कुणीच केलेलं नाही. याचं पेटंट घ्या," मी म्हणाले आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

मी त्यांना सोप्यात सोपं करून सांगितलं. तुमची युक्ती तुम्ही सरकारला नीट लिहून द्यायची. ती सगळ्या जगाला वाचता येते. बदल्यात वीस वर्षं ती दुसऱ्या कुणाला तुमच्या परवानगीशिवाय बनवता किंवा विकता येत नाही. फक्त अर्ज जाईपर्यंत ती बाहेर फुटता कामा नये.

"म्हणजे शेवटी सगळ्यांना सांगायचंच?"

"हो."

"मग चार दिवस आधी सांगितलं तर काय बिघडलं?"

"आधी सांगितलं की ती नवी राहत नाही, काका! आणि नवी नसली तर पेटंट नाही."

"वा गं तुझा कायदा! माझीच युक्ती मी सांगितली म्हणून शिळी झाली?"

शेवटी गळ्याला हात लावून त्यांनी शपथ घेतली की, माझी मुंबईची पेटंटचं काम करणारी मैत्रीण अर्ज करेपर्यंत चिमट्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. तांदूळ निवडत बसलेल्या काकींनी मान वर केली. "हे? आणि गप्प?" म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

त्याच आठवड्यात काका कुणाचा तरी पंप पोचवायला तलासरीला गेले. बाजाराचा दिवस. चिमटा "सहज गाडीत राहिला होता." कुणीतरी विचारलं, हे काय? झालं! काकांनी बांबूला चिकू टांगले आणि मराठीत, गुजरातीत, नंतर नुसत्या हातवाऱ्यांनी सगळ्या बाजाराला चिमटा चालवून दाखवला. खिशाला पेन लावलेला एक माणूस फारच बारकाईने विचारत होता. त्याच्यासाठी काकांनी टॉवेल अंथरून चिमटा सुटा केला, भाग न् भाग त्याच्या हातात दिला, मापं घेऊ दिली आणि वर त्याला चहा पाजला. हे सगळं मला कुणी येऊन सांगितलं नाही. काकांनीच सांगितलं, अगदी आनंदाने. "काय हुशार माणूस होता गं! बरोबर स्प्रिंगचंच विचारलंन."

मी कपाळावर हात मारला आणि मैत्रिणीला फोन लावून स्पीकरवर टाकला. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "काका, हे अजून कुणाला दाखवलेलं नाही ना?" काका फोनकडे वाकून म्हणाले, "कुणाला नाही दाखवलं ते विचार!" आणि बाजारातली सगळी हकीकत तिला ऐकवली. मग ती म्हणाली, "भर बाजारात, सुटं करून? मग राहू दे गं."

मी काकांशी बोलणं टाकलं. ते कुंपणावरून हाका मारायचे, "वकीलबाई, रुसलीस होय?" मी खिडकी लावून घ्यायची. मला खरंच वाईट वाटलं होतं. त्या माणसाच्या नावावर जगात एक तरी गोष्ट असावी, असं मला फार वाटत होतं, आणि ती त्याने बाजारात वाटून टाकली होती.

वर्षाच्या आत दुकानांत निळ्या रंगाचे चिमटे आले. गुजरातच्या सीमेपलीकडच्या एका कारखान्याचे, छापील खोक्यातले, काकांच्यापेक्षा स्वस्त. काकांनी स्वतः जाऊन एक विकत आणला! "फिनिशिंग बघ, फिनिशिंग!" म्हणत मला दाखवायला आले. मग बोलता बोलता त्यांनी चिमट्याचा सांधा बघितला आणि चेहरा उतरला. सांध्याला एकच पिन होती. काकांच्या पहिल्या चिमट्यालाही एकच होती. पण वापरून ती झिजते आणि जोरात दोरी ओढली तर अख्खा चिमटा वरून निसटून खाली येऊ शकतो, हे पुढे त्यांच्या लक्षात आलं होतं. तेव्हा ज्यांना ज्यांना चिमटे दिले होते, त्यांच्या दारात स्कूटरवर जाऊन, पार झरी गावापर्यंत जाऊन, त्यांनी दुसरी पिन ठोकून दिली होती. मोठ्या कंपन्यांना विकलेला माल परत मागवायचा तर आधी वकिलांची फौज लागते. काकांना स्कूटर पुरली. पण कारखानदाराने मापं घेतली होती ती पहिल्या चिमट्याची.

काकांनी खोक्यावरच्या नंबरला फोन केला. दुसरी पिन टाका, नाहीतर कुणाला तरी लागेल, असं सांगितलं. फोन ठेवून वर्कशॉपच्या पायरीवर बसले. "तो विचारतो, तुमचा संबंध काय," म्हणाले. मी म्हटलं, कायद्याने खरंच काही नाही. मी त्यांना गप्प बसलेलं पाहिलं ते तेवढंच.

पुढच्या बाजाराला हा गडी ड्रिल मशीन घेऊन तलासरीत, ते चिमटे विकणाऱ्या दुकानाच्या अगदी समोर! "निळा चिमटा घेतलेल्यांनी इकडे या! एका पिनेचा निसटतो! दुसरी पिन फुकट!" दुकानदाराने हटकलं तर आवाज आणखी चढला. दुकानदाराने कारखान्याला फोन लावला, त्यांनाही तो आवाज ऐकू गेला असणार. ते घरी आल्यावर मी त्यांच्यावर खेकसले, "चोराचा माल तुम्ही सुधारून देताय? तोही पदरचं घालून?"

"चोराचा कुठला? माझाच आहे ना तो."

हात टेकले मी.

आणि मग पुढच्या हंगामात सुकरीबाई आली. गंजाड गावची. घराभोवती थोडी चिकूची झाडं, ती स्वतःच चिकू काढायची आणि विकायची, त्यावर तिचं घर. बाजारातला तो आरडाओरडा झाल्यानंतर काही महिन्यांनी तिने डहाणूत निळा चिमटा घेतला होता. तो वरून निसटला आणि उजव्या हातावर पडला. हाड मोडलं, बोटं मिटेनात. डॉक्टर म्हणत होते की आणखी एक ऑपरेशन केलं तर मूठ वळेल, नाहीतर हात असाच राहील. ती कारखान्याकडे गेली नाही, दुकानात गेली नाही. थेट काकांच्या दारात उभी राहिली. "काका, तुझा चिमटा पडला रे."

काकांनी तिला तशीच माझ्याकडे आणली. "माझ्यावर केस घाल," म्हणाले.

"तुम्ही बनवलात?"

"नाही."

"तुम्ही विकलात?"

"नाही. पण डोकं माझं होतं ना."

मी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. पोटापाण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू आहे, म्हणजे सुकरीबाई ग्राहक आहे. सदोष वस्तूने इजा झाली, तर ती बनवून विकणारा भरपाई देतो. नक्कल केली म्हणून सुटत नाही. "बाई, खोकं आहे का? त्यावर कारखान्याचं नाव असेल, पुरावा म्हणून तुमचंच लागेल," मी विचारलं. सुकरीबाई म्हणाली, आहे, पण त्यात कोंबडी अंड्यांवर बसलीय. नाव खोक्याच्या बुडाला होतं. मी म्हटलं, उचला कोंबडी. काका आणि सुकरीबाई दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मीच गुन्हेगार! शेवटी पिल्लं बाहेर पडेपर्यंत माझी तक्रार अडून राहिली.

ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आणि मी काकांना पुन्हा बजावलं. निकाल लागेपर्यंत चूक माझी, चूक माझी असं कुणापाशी बोलायचं नाही. कारखान्याचा वकील तेच धरून बसेल आणि सुकरीबाईचं ऑपरेशन राहील. काकांनी पुन्हा गळ्याला हात लावला. पण आता काय उपयोग? बोलायचं ते आधीच भर बाजारात बोलून झालं होतं. कारखान्याचं लेखी उत्तर आलं: या वस्तूचा मूळ निर्माता डहाणूचा अमुक इसम असून, रचनेत दोष असल्याचं त्याने तलासरीच्या बाजारात जाहीरपणे, वारंवार आणि मोठ्या आवाजात कबूल केलं आहे, सबब आमचा दोष नाही. तो कागद घेऊन मी वर्कशॉपमध्ये गेले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले. "तुमच्या तोंडापायी पेटंट गेलं! आता या बाईचा हातही जाणार!"

काकांनी चिंध्यांना हात पुसले. "मग काय खोटं सांगायला हवं होतं?" म्हणाले. चिडून नाही, खरंच विचारत होते.

घरी येऊन मी तो कागद पुन्हा वाचला. "जाहीरपणे, वारंवार आणि मोठ्या आवाजात." तिसऱ्यांदा वाचताना एकदम ताठ बसले. अहो, यांनी ऐकलं होतं! एका पिनेचा चिमटा निसटतो, हे कारखान्याला आधीच ठाऊक होतं, हे त्यांनी स्वतःच सही करून लिहून दिलं होतं. आणि त्यानंतरही तोच माल, तीच एक पिन, खोक्यावर सावधगिरीचा एक शब्द नाही, आणि तो सुकरीबाईला विकला गेला होता. मग बाजारातली माणसं आली प्रतिज्ञापत्रं द्यायला, भाजीवाले, चहावाला, सगळे. काकांचा आवाज ऐकला नाही असं म्हणणारा एक माणूस सापडायचा नाही तलासरीत. आयोगाने भरपाई कारखान्यावर बसवली. सुकरीबाईचं ऑपरेशन झालं. मूठ आता वळते.

निकालात एक ओळ होती, की या उपकरणाची मूळ कल्पना काकांची असल्याचं दोन्ही पक्षांना मान्य आहे. मी ती वाचून दाखवली.

"पुन्हा वाच."

"काका, हे पेटंट नव्हे."

"ते कळतंय गं मला. तू वाच."

मी वाचली. ते डोळे मिटून ऐकत होते.

पुढच्या उन्हाळ्यात काका दुपारचं जेवून वर्कशॉपमधल्या खुर्चीत टेकले आणि तिथेच गेले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला काही न सांगता. अजूनही माणसं बिलाशिवाय काही ना काही घेऊन येतात, काका कुठे म्हणून विचारतात. मला काकांचा राग येतो. मी काय कुठे जातोय, म्हणाले होते ना?

गेल्या महिन्यात कामाला तलासरीला गेले होते. दुकानात निळे चिमटे टांगलेले दिसले, नवे. सांधा बघितला. दोन पिना! तीच जागा, तेच अंतर. बाजारात काका ठोकून द्यायचे अगदी तशा. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरी पिनही उचलली मेल्यांनी! मी फोन काढला, काकांचा नंबर समोर धरला आणि तशीच उभी राहिले. ते काय म्हणाले असते, ते मला माहीत होतं. "बरं झालं. आता कुणाला लागायचं नाही."

दुकानदाराने एक चिमटा काठीला लावून हातात दिला. म्हणाला, "मॅडम, ओढून बघा, ग्यारंटी आहे."

काठी पायाखाली दाबून, दोन्ही हातांनी, होता नव्हता तेवढा राग काढून मी तो चिमटा ओढला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ओढला.

निघाला नाही.