सतरा खड्यांचं घड्याळ

भिंगकाकांच्या दुकानात शिरणाऱ्याला आधी त्यांचं टक्कल दिसतं, मग डोळ्याला लावलेलं भिंग, आणि फारच निकड असेल तर चेहरा. चाळीस वर्षं हा माणूस मान खाली घालून घड्याळं दुरुस्त करतोय आणि त्याची त्याला ऐटही आहे. "घड्याळाशी लबाडी केलीत, तर ते चारचौघांत तुमचं नाक कापतं," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. गिऱ्हाइकं माना डोलावतात. काका मात्र ते म्हणताना खालच्या खणाकडे बघायचं टाळतात.

त्या दुपारी एक बाई आल्या. ड्यूटीवरून थेट आलेल्या, अंगात नर्सचा पांढरा गणवेश. त्यांनी रुमालातलं घड्याळ काचेवर ठेवलं आणि काकांनी ते हातात घेण्याआधीच ओळखलं. डायलवर चारच्या आकड्यापाशी तांबूस डाग होता.

"हे माझ्या बाबांचं. कंपाउंडर होते. मागच्या महिन्यात गेले," बाई म्हणाल्या. "पहिल्या पगारात घेतलेलं. अस्सल सतरा खड्यांचं, म्हणजे आत चाकं टेकायला सतरा माणकं, हे आम्ही लहानपणापासून हजारदा ऐकलंय. परवा दादानं एका मोठ्या दुकानात दाखवलं. ते म्हणाले, डायलवर लिहिलंय सतरा खडे, आतलं मशीन पंधराचं. जुळवलेला माल. तेव्हापासून दादा हसतोय. म्हणतो, बाबांना कुणीतरी टोपी घातली आणि ते जन्मभर मिरवत बसले."

"मग इथे कशाला आणलंत?"

"बाबा म्हणायचे, भिंगकाकांशिवाय कुणाच्या हातात द्यायचं नाही. खरं काय ते तुम्हीच सांगा. तुमचा शब्द दादाही मानेल."

काकांनी मागचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला सुईनं कोरलेली खूण होती: एक टिंब, एक रेघ, खाली तारीख. घड्याळ उघडणारा प्रत्येक कारागीर अशी आपली खूण ठेवतो, म्हणजे आधी कोण येऊन गेलं ते पुढच्याला कळतं. ही खूण काकांची होती, अडतीस वर्षांपूर्वीची.

त्या दिवशी घड्याळ साफ करताना त्यांच्या हातून मशीन फरशीवर पडलं होतं. बॅलन्सच्या, म्हणजे सतत झुलणाऱ्या चाकाचा आस मोडला आणि कंपाउंडर तासाभरात येणार होते. दुकान नवं, नाव नुकतं होऊ लागलेलं. काकांनी त्याच कंपनीचं पंधरा खड्यांचं मशीन आत बसवून दिलं. आस मिळाला की गुपचूप बदलू, असा बेत. आस मिळायला वर्ष लागलं आणि तोवर कंपाउंडरांनी अर्ध्या गल्लीची घड्याळं काकांकडे आणून दिली होती. अशा माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं? मग कंपाउंडर दुसऱ्या गावी गेले आणि प्रश्न मिटला, असं काकांनी स्वतःला समजावलं.

आता एका वाक्यात सुटका होती. 'कारखान्यातूनच कधीकधी असं यायचं.' कोण तपासणार होतं?

"ठेवून जा. संध्याकाळी या," काका म्हणाले.

"नाही, मी थांबते." बाईंनी स्टूल ओढलं.

त्या समोर बसून राहिल्या, अगदी बाबांसारख्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून. काकांना ते सोसवेना. त्यांनी खालचा खण उघडून चपटी डबी काढली. पातळ कागदात गुंडाळलेलं मशीन, शेजारी पुडीत नवा आस.

"हे काय?"

"हे तुमच्या बाबांचं," काका म्हणाले आणि मान वर न करता सगळं सांगून मोकळे झाले.

बाईंनी डबी उजेडाकडे वळवून बघितली. शिव्या परवडल्या असत्या.

"म्हणजे टोपी घालणारे तुम्ही."

"हो."

"आणि बाबा तुमचे गोडवे गात राहिले." त्यांनी डबी काकांपुढे सरकवली. "बसवा ते मशीन."

"ताई, आता हात थरथरतो. आस पुन्हा मोडला तर दुसरा मिळणार नाही."

"बसवा म्हटलं ना!"

आस ठोकून चाकात बसला. अवघड होतं ते चाक जागेवर उतरवणं. आसाचं टोक केसाहून बारीक आणि खड्यातलं भोक त्याहून जरासंच मोठं. पहिल्यांदा चिमटा घसरला. दुसऱ्यांदा चाक तिरपं झालं आणि काकांच्या कपाळावरचा घाम भिंगावर उतरला. तेवढ्यात बाई टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी काकांचं मनगट घट्ट धरलं. त्या धरण्यात माया नव्हती.

"श्वास पूर्ण सोडा. मग हात स्थिर राहतो. मी रोज तान्ह्या बाळांच्या शिरा शोधते."

काकांनी श्वास सोडला. टोक भोकात उतरलं. चाक एकदा अडखळलं आणि झुलायला लागलं.

काटे, डायल, झाकण सगळं बसल्यावर बाईंनी घड्याळ घेतलं, दोन बोटं काकांच्या नाडीवर ठेवली आणि सेकंदकाट्याकडे बघत राहिल्या. पूर्ण मिनिटभर.

"एकशे सोळा," त्या म्हणाल्या. "बाबा असंच बघायचे. पाणी प्या."

मग घड्याळ रुमालात गुंडाळत म्हणाल्या, "उद्या दादाला आणते. त्याला तुम्ही सांगा. माझ्या तोंडून नको."

"सांगेन."

दुसऱ्या दिवशी काकांनी दुकान तासभर आधी उघडलं आणि ते पंधरा खड्यांचं मशीन उघड्या डबीत काचेवर ठेवलं. दादा येईपर्यंत तीन गिऱ्हाइकांनी विचारलं, हे काय. तिघांनाही काकांनी सगळं सांगितलं, मान वर करून.