मागितलेली एक फोड

आईला नारायणगावच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा फाटकाबाहेर हातगाडी लावणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून मी रोज मोसंबी घ्यायचो. प्रत्येक फळ तो तळहातावर तोलायचा, अंगठ्यानं देठ पुसायचा आणि सांगायचा, "पावणं, पूर्वी जहाजावरच्या लोकांच्या हिरड्यांतून रगात यायचं. असल्याच आंबट-गोड फळांनी ते थांबलं. आजाऱ्याला लई ताकद देतं."

एके दिवशी गाडीमागं त्याची बायको बसली होती. पाय सुजलेले, चेहरा फिकट. तिचं डायलिसिस चालू होतं.

"आजींना रोज रस देत असाल," मी सहज म्हणालो.

तो आवाज उतरवून म्हणाला, "डॉक्टरनी बंद केलाय. किडनी गेली की हेच फळ इखावानी व्हतं."

पुढं आई बरी होऊन घरी आली. दोन महिन्यांनी तिची औषधं आणायला गेलो, तर तो एकटाच होता. मी आजींची चौकशी केली.

"गेली, भाऊ. आदल्या दिवशी एक फोड मागत व्हती. पथ्य मोडंल म्हनून मी न्हाई दिली."

"तुमचं बरोबरच होतं, बाबा."

त्यानं मान डोलावली. पण ते त्याला पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.