टेबलाला चमक कुणी आणली

आमच्या सोसायटीच्या हॉलमधलं टेबल टेनिसचं टेबल रंगवायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला आणि मला संशय आला. ज्या वस्तूकडे कमिटीने इतकी वर्षं ढुंकून पाहिलं नाही तिची एकाएकी काळजी वाटायला लागते, तेव्हा ती काळजी वस्तूची नसते. हे मी पत्रकं वाटता वाटता शिकले.

पत्रकं आमच्या संघटनेची. सुरतेजवळ पलसाण्याच्या डाइंग मिलांच्या गेटवर शिफ्ट सुटताना मी ती वाटते, लिहितेही मीच. पत्रक लिहिणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा असतो : यात फायदा कुणाचा? हा प्रश्न गेटवर विचारायचा आणि घरी आल्यावर चपलेसारखा दाराबाहेर काढून ठेवायचा, असं मला जमत नाही. आई तिच्या अहिराणीत म्हणते, "तुले कोनी परसाद दिधा तरी तू पेढा फोडी पाहशी." फोडून पाहावा असे पेढे मी पुष्कळ पाहिले आहेत.

तर टेबल. डिंडोलीत आमची सोसायटी आहे, तळमजल्यावर हॉल आहे, आणि हॉलच्या मधोमध हे टेबल. कधीकाळी हिरवं होतं म्हणतात. मला आठवतं तसं ते पोपडे निघालेलं आणि मधली पांढरी रेघ पुसलेलंच होतं. संध्याकाळी कॉलेजची पोरं त्यावर खेळायची. दुपारी त्यावर माझी आई आणि शेजारच्या तिघी जणी साड्यांवर खडे चिकटवायच्या. बाजारातून एक माणूस साड्यांचा गठ्ठा टाकून जातो, सोबत खड्यांच्या पुड्या आणि गमच्या ट्यूबा. नक्षीवर गमचा थेंब, थेंबावर खडा, असं काठापासून पदरापर्यंत. साडी दुहेरी केली की टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर बसते. टेबल बनवणाऱ्याने घरातली साडी मापूनच बनवलं असणार, असं त्या चौघींचं ठाम मत होतं.

घरी हे काम होत नाही. आमची एकच खोली, त्यातच स्वयंपाकाचा ओटा. बाबा लूम्सवर रात्रपाळी करतात आणि दिवसा खोलीत झोपतात. साडी पसरायची तर बाबांवर पसरावी लागेल. पंखा चालू ठेवला तर जॉर्जेट उडतं, बंद केला तर बाबा उठतात. म्हणजे टेबल गेलं की आईचं काम गेलं. एवढं सरळ होतं ते.

आणि एका सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रमुखांचा मेसेज आला, की टेबलाचं रंगकाम होणार आहे, तोवर टेबलावर कुणी काहीही ठेवू नये. खाली हात जोडल्याची खूण. ग्रुपवर अंगठेच अंगठे उगवले.

प्रमुख म्हणजे आमच्याकडे सोसायटीचा अध्यक्ष, गुजराती पद्धतीने. आमचे प्रमुख बाबांच्याच तालुक्यातले, खानदेशातले, म्हणून मी त्यांना काका म्हणते. एका डाइंग मिलमध्ये ते कलर मास्टर आहेत. कापडाला कोणती शेड द्यायची, त्यात काय किती पडायचं, हे ते ठरवतात. त्यामुळे सोसायटीत रंगाचा विषय निघाला की बाकीचे गप्प बसतात. जिन्याला कोणता रंग द्यायचा हेही त्यांनीच ठरवलं होतं, आणि तो जिना आजही बर्फीसारखा दिसतो.

मी त्यांना जिन्यातच गाठलं.

"काका, रंग कशाला?"

"कशाला म्हणजे? उडालाय म्हणून."

"मी शाळेत होते तेव्हाही उडालेलाच होता."

"तेव्हा तू प्रश्न नव्हती विचारत. सुखाचे दिवस होते."

"बायांनी कुठे बसायचं?"

"अगं बेन, वाळू तर दे."

"आणि मग?"

"मग काय?" म्हणत ते वर चढायला लागले.

'आणि मग' या प्रश्नाला 'मग काय' असं उत्तर देणारी माणसं मी गेटवर रोज बघते. त्यांच्या हातात किल्ल्या असतात.

दुसऱ्या दिवशी पोरं पॉलिश पेपर घेऊन टेबल घासायला बसली. त्यांच्यात एक कॉलेजातली मुलगी होती, सगळ्यांत चांगली खेळणारी, तिच्या तोंडात मराठी, हिंदी, गुजराती तिन्ही एका वाक्यात मावतात. तिने घासता घासता नखाने एक खडा उचकटला आणि माझ्यासमोर धरला.

"ताई, हे बघा. बॉल यावर पडला ने, तो कुठेही जातो. पॉइंट माझा, घेऊन जाते साडी."

तक्रार खरी होती. गमचे थेंब सुकून टेबलावर दगडासारखे बसले होते. मी तिला विचारलं, "मग तुम्ही काकांकडे तक्रार केली?"

"नाही तर. काकाच आले विचारायला, तुम्हाला टेबलचा काय त्रास होतो?"

माझ्या डोक्यात घंटा वाजली. तक्रार करणारे तक्रार घेऊन गेले नाहीत. ज्याच्याकडे तक्रार जायची तोच ती गोळा करायला आला! हे मी आधी पाहिलं आहे. मिलमध्ये ज्यांना काढायचं असतं त्यांच्याविरुद्ध बाकीच्या कामगारांकडून सह्या घेतात, मग म्हणतात, आम्ही कुठे काढतोय, तुमच्याच लोकांची मागणी आहे. शिवाय थोड्याच दिवसांपूर्वी साड्यांचे गठ्ठे बाहेरगावी पाठवणारा एक पार्सलवाला व्यापारी काकांबरोबर हॉलमध्ये फिरताना मी स्वतः पाहिला होता. तो छताकडे बघत होता. टेबल टेनिस खेळणारा माणूस छताकडे बघत नाही. गठ्ठे किती उंच रचता येतील हे बघणारा बघतो.

त्या दिवसांत आई जिन्याच्या वळणावर बसून काम करत होती. साडी मांडीवर, खड्यांची वाटी पायरीवर. येणारा-जाणारा "सांभाळ भाभी" म्हणत ओलांडून जायचा. एकाचा पाय लागून वाटी सांडली तेव्हा आई बर्फी रंगाच्या पायऱ्यांवर गुडघे टेकून खडे वेचत होती, आणि मी वर उभी राहून काकांच्या दाराकडे बघत होते. तिघींपैकी एकीने तर गठ्ठा परतच केला. तिच्या घरी पाळणा होता, खाली पसरायला जागाच नव्हती.

मग पाटी आली. हॉलच्या दारावर, निळ्यावर पांढरी : टेबलाचा उपयोग फक्त रमतगमतसाठी करावा. गुजराती आणि मराठीची खिचडी करून लिहिलेली, रमतगमत म्हणजे खेळ, पण समजायला अजिबात अवघड नाही. आणि ती दाराला स्क्रूने बसवलेली. कागद चिकटवला असता तर मी म्हटलं असतं, रंग वाळेपर्यंत आहे. स्क्रूने बसवलेली पाटी रंग वाळेपर्यंतची नसते.

मी बसले आणि पत्रक लिहिलं. चांगलं लिहिलं. 'श्रमिक भगिनींनो' अशी सुरुवात, मग हॉल सगळ्यांचा आहे, मग सार्वजनिक जागा गिळंकृत करण्याचं भांडवली कारस्थान, मग शेवटी तीन मागण्या. आईला वाचून दाखवलं. तिने हातातलं गमचं काम न थांबवता ऐकलं.

"यामा मी कोठे शे?" तिने विचारलं.

"श्रमिक भगिनी म्हणजे तूच."

"आनी भांडवली कारस्थान म्हंजे?"

"काका."

"त्यानी लुंगी फाटेल शे, तो कोठला भांडवलवाला!" ती एवढी हसली की गमचा थेंब भलत्याच फुलावर पडला. मग एकदम गंभीर झाली. "हाई दारवर लावू नको. उद्या त्यानंच काम पडी आपले."

हे 'उद्या त्याचंच काम पडेल' आमच्या लोकांच्या मानेवर बसलेलं आहे. गाव सोडून सुरतेत आलो, लूमवर आलो, आणि येताना ते पोत्यात भरून आणलं. मी तिला हे ऐकवलं. ती म्हणाली, "जेवी ले." पत्रक माझ्या पिशवीत राहिलं.

रंग वाळल्यावर संध्याकाळी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी टेबलावरची चादर ओढली आणि हॉलमध्ये खरोखर 'आहा' झालं. रंग मोरपंखी होता आणि असा चमकत होता की छतावरची ट्यूबलाइट टेबलात अख्खी दिसत होती. काका वाकून, एक डोळा मिटून, कापडाचा ताका बघावा तसं टेबल बघत होते.

"चमक बघा," ते म्हणाले. "दुकानातून आणलेला रंग नाही लावला. दोन डबे मिक्स करून शेड काढली, वरून वॉर्निश. तोंड बघून भांग पाडा."

मग खेळ सुरू झाला, आणि पहिल्याच चेंडूवर त्या मुलीने हवेत बॅट फिरवली. चेंडू टप्पा पडून उठायच्या ऐवजी साबणावरून घसरावा तसा खालून निघून गेला. दुसरा ट्यूबलाइटच्या उजेडात नाहीसाच झाला.

"काका, बॉल दिसत नाही! आणि स्लिप मारतोय."

"नवा रंग आहे. बसेल."

"रंग बसेल, बॉल कसा बसेल?"

लोक हसले. मी नाही हसले. माझ्या मनात सगळ्या कड्या एकात एक अडकल्या. बायांना पाटीने बाहेर काढलं. पोरांना चमकीने बाहेर काढलं. आता हॉल रिकामा, आणि छताकडे बघणारा व्यापारी तयार. मी सगळ्यांसमोर हे बोलले, गेटवर बोलते त्याच आवाजात.

काकांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग उतरला. "तो लग्नासाठी हॉल बघायला आला होता," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, टेबलाकडे बघत म्हणाले, "मिलमध्ये चमक कमी आली तर माल माझ्या तोंडावर फेकतात. सगळा जन्म चमक आणण्यात गेला माझा. मी काय मुद्दाम करीन?" त्यांनी तळवा टेबलावरून फिरवला. "इतकी सुंदर आली आहे."

चमकीबद्दल मी त्यांचं खरं मानलं. तसं बोलणं बनवता येत नाही. कापडवाल्या वस्तीत रंगाची परीक्षा चमकीवर होते, आणि चेंडूला चमक नको असते हे तिथे एकाही माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. पण पाटी चमकीत मोडत नाही. मी म्हटलं, "मग पाटी स्क्रूने का लावली?"

काका टेबलावरून ओढलेल्या चादरीची घडी घालायला लागले.

तेवढ्यात दारातून, त्या पाटीखालून, आई पुढे आली. तिच्या हातात दुहेरी केलेली साडी होती. चप्पल काढून ती टेबलाजवळ गेली आणि सगळ्यांच्या देखत साडी टेबलावर पसरली. जॉर्जेट क्षणभर टेबलावर राहिलं. मग एका बाजूने सरकायला लागलं, सरकतच गेलं, आणि सगळी साडी फरशीवर जाऊन पडली. खड्यांचा बारीक आवाज झाला.

"भाऊ," आई काकांना म्हणाली, "आमना बी कामनं नही आनि पोरेसना बी कामनं नही. आखो घासनं पडी."

"एवढा रंग परत घासायचा?" काकांचा आवाज रडवेला झाला.

"आम्ही घासतस. रोज गम खरडतस, हाई बी खरडूत. घासीसन खाले जाडं ग्रे कापड टाकसूत, म्हंजे गम टेबलवर पडावच नही. दुपार आमनी, संध्याकाळ पोरेसनी." आणि श्वास न घेता पुढे, "पन ती पाटी काढा."

खेळणारी मुलगी म्हणाली, "काका, मासी सही बोलतात."

"काढस ना, माय," काका म्हणाले. "काढस."

इतकं झटकन? माझ्या पिशवीत तीन मागण्यांचं पत्रक होतं आणि मागण्या मान्य झाल्या होत्या, तरी मला आनंद व्हायला तयार नव्हता. गेटवर जी मागणी लगेच मान्य होते तिच्याखाली बारीक अक्षरांत काहीतरी असतं. मी म्हटलं, "मीटिंगमध्ये ठराव करा." आईने माझ्या दंडाला चिमटा काढला. ठराव झाला नाही.

पुढचे दिवस आई, त्या तिघी आणि पोरं मिळून टेबल घासत होती. हॉलमध्ये मोरपंखी धूळ उडत होती. पदर नाकाला बांधलेल्या बाया, आणि त्यांच्या शेजारी कानात गाणी खुपसलेली पोरं. एका मावशीने त्या मुलीची बॅट हातात घेऊन विचारलं, "याने पापड लाटता येतात का गं?" मग शाळेच्या फळ्याला लावतात तो हिरवा, बिनचमकीचा रंग आणला. काकांनी तो डबा उघडून पाहिला आणि झाकण परत लावलं. "मेलेला रंग आहे हा," ते म्हणाले. पण मधली पांढरी रेघ त्यांनीच मारली, श्वास रोखून, आणि ती सुतासारखी सरळ आली.

आता चेंडू नीट उठतो. दुपारी ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या कोऱ्या कापडावर साड्या पसरतात, पाळणावाली मावशीसुद्धा परत आली आहे. बाबा झोपतात. पाटी काढली आहे. ती कुठे आहे, हे मी काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कपाटात. फेकायची कशाला, लोखंडाची आहे."

आणि स्क्रू दारात तसेच आहेत, चारही. पाटी कायमची काढणारा माणूस स्क्रूही काढतो. मी आईला म्हटलं, "त्यांना सांग, स्क्रू काढा."

"ऱ्हाऊ दे. पिशवी टांगाले कामे येस."

ती रोज गमची पिशवी तिथेच टांगते. मला ते अजून पटलेलं नाही.