शमीमआपा आणि आजाराचं कारण

पेणच्या छापखान्यातून युनियनची पत्रकं उचलत होतो, तेव्हा रोह्याहून फोन आला. शमीमआपा गेली... रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या घरी दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. महिना झाला. हळहळ पुरे झाली. तिचं भांडण सांगायला हवं.

आपा रोह्याच्या एका इस्पितळात केसपेपरांवर आजाराचे कोड लावायची. डॉक्टर आजार लिहिणार, ती त्याचा कोड संगणकात भरणार आणि त्या कोडांवरून वर सरकार आजार मोजणार. मध्यंतरी ही पद्धत बदलली. आधी ‘रसायनांच्या वायूने झालेला फुफ्फुसाचा आजार’ असा एकच कोड होता. आता आजाराचा कोड वेगळा, कारणाचा वेगळा. आणि कारण रिकामं सोडलं तरी संगणक पुढे जायचा. घाईत सगळेच सोडू लागले. मग इस्पितळाच्या बैठकीत साहेबांनी जाहीर केलं, कंपन्यांमुळे होणारे श्वसनाचे आजार घटले! टाळ्या पडल्या. आपा उभी राहिली.

“आजार घटले नायत, साहेब. आपण कारण लिहायचं सोडलंय.”

“आपा, युनियनमध्ये कधी गेलात?”

“युनियनला माझं तोंड परवडायचं नाय.”

सगळे हसले. साहेबांनी विषय संपवला, आपाने नाही.

आपाकडून हे ऐकून मी तापलो. “कोण कुठल्या कंपनीत खोकतो, तुला ठाऊक आहे. तूच भर की कारण!”

“डॉक्टरनं लिहिलं नाय ते मी भरलं, तर उद्या माझे खरे कोडही खोटे ठरवतील. पत्रकं वाटून वाटून अक्कलही वाटलीस काय रे?”

मग कारण नसलेले केसपेपर घेऊन ती रोज डॉक्टरांच्या दारात उभी राहायची. तिला पाहून डॉक्टर मागच्या दाराने चहाला पळत.

गेल्या आठवड्यात तिथे गेलो. तिच्या खुर्चीत नवा माणूस होता. वाटलं, संपलं... तेवढ्यात डॉक्टरांच्या खोलीतून आवाज आला. खांब गावचे गजाननकाका, कंपनीत रसायनाच्या टाक्या धुऊन छाती गमावलेले, तपासणी झाली तरी खुर्ची सोडत नव्हते.

“काका, उठा आता.”

“मी टाक्या धुतो, ता लिवलंत काय?”

“त्यानं औषध बदलणार आहे का?”

“औषध नाय, मोजनी बदलल. आपानं सांगितलाय, कारण लिवल्याबिगर उठायचा नाय.”

रांगेतून कुणी ओरडलं, “बसा काका, आमाला घाई नाय!”

डॉक्टरांनी पेन उघडलं. लिहून झाल्यावर काका उठले. मागचा माणूस, त्याच कंपनीचा, आत शिरला आणि खुर्चीत मांडी घालून बसला.