मागचा बाक दिसेना

आमच्या संख्याशास्त्र विभागातल्या एका सरांना मुलं पाठीमागे ‘कळलंका सर’ म्हणत. वर्गात चार वाक्यं बोलून झाली की ते ‘कळलं का?’ विचारत आणि थेट मागच्या बाकाकडे बघत. पुढच्या बाकांवरच्या माना त्यांच्या लेखी फुकटच्या. मागच्या बाकावरची मान मनापासून हलली, तरच फळ्यावर पुढची ओळ यायची. सगळी नोकरी त्यांनी या एका नियमावर काढली आणि त्यांच्या विषयात सहसा कुणी नापास झालं नाही.

मग साथ आली आणि विद्यापीठाचे वर्ग संगणकात शिरले. सर घरात एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी परदेशात. तरी तासाला इस्त्रीचा शर्ट, कमरेला पट्टा आणि पायांत बूट. बूट कुणाला दिसणार होते, देव जाणे! कपाटाच्या दाराला जुन्या कॅलेंडरांची कोरी बाजू चिकटवून त्यांनी फळा केला होता. संभाव्यता शिकवायला पिशवीत लाल-पांढरे चेंडू लागतात. घरात चेंडू कुठले, म्हणून मोज्यांचे गोळे केले होते.

मुलांचे कॅमेरे मात्र बंद. पडद्यावर नुसते काळे चौकोन. घोडं पेंड खाऊ लागलं ते इथंच. ‘कळलं का?’ विचारलं की शांतता, आणि शांतता म्हणजे कळलं नाही, असा सरांचा हिशोब. मग दुसऱ्या दिवशी तेच प्रकरण नव्याने, नवी उदाहरणं घेऊन, घसा बसेपर्यंत. परीक्षा तोंडावर आली तरी सर पहिल्याच प्रकरणात.

विभागप्रमुखांचा मला फोन आला. ‘मॅडम, त्यांच्या तासाला बसा आणि अहवाल द्या. जमत नसेल तर विषय काढून घेऊ, रेकॉर्ड केलेली व्याख्यानं लावू.’

साथीच्या काळात शिक्षकाचं काम कशाकशाने बिघडतं, याचे रकाने आखलेला तक्ताही त्यांनी धाडला होता. नेटचा वेग होता, यंत्राची सवय होती. घरात बोलायला दुसरं माणूस आहे का, हा रकाना नव्हता. सरांचा विषय काढणं म्हणजे त्यांच्या दिवसातून माणसंच काढणं, एवढं त्या शहाण्याला कळू नये याचा मला संताप आला. पण मी नाही म्हटलं असतं तर दुसरं कुणी बसलं असतं. म्हणून बसले.

सरांनी पिशवीतून लाल मोजा काढला, सगळं समजावलं. ‘कळलं का?’

उत्तर नाही. सर पडद्याच्या जवळ आले, इतके की नुसता चष्मा दिसू लागला. त्या काळ्या चौकोनांत ते मागचा बाक शोधत होते. मला बघवेना. मी कॅमेरा लावला आणि जोरजोरात मान हलवली.

‘अहो मॅडम, तुम्ही!’ सर इतके खूश झाले की मलाच कसंनुसं झालं. मग म्हणाले, ‘पण तुम्हाला हे येतंच की. तुमची मान हिशोबात कशी धरू?’

‘सर, आता पुढे चला. नाहीतर विषय हातचा जाईल तुमच्या.’ आणि मी मुलांवर घसरले, ‘तुम्ही काय रे, मूग गिळून बसलाय सगळे? कुठे अडलंय ते सांगा तरी!’

एका काळ्या चौकोनातला माइक सुरू झाला. मग एका मुलीचा आवाज आला. ‘सर, आम्हाला कळलंय. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.’

‘मग बोलला का नाहीत?’ सरांनी विचारलं.

‘आम्हाला वाटलं...’ ती अडखळली. ‘तुम्ही घरी एकटेच असता ना सर, म्हणून रोज तेच तेच बोलत बसता. मग आम्ही ठरवलं, सगळ्यांनी रोज यायचं आणि तुम्हाला थांबवायचं नाही. पुढचं आम्ही पुस्तकातून करतोय.’

सरांनी मोजे एकेक करून पिशवीत भरले. ‘बरं,’ म्हणाले आणि दुसरं प्रकरण सुरू केलं. कुठेही न थांबता शिकवलं, तास वेळेवर संपवला.

अहवाल मी चांगला लिहिला. विषय सरांकडेच राहिला. तसं सांगायला मी त्यांना फोन केला.

‘पोरं चांगली आहेत हो,’ सर म्हणाले.

‘आहेतच.’

‘मला वाटत होतं, त्यांना माझी गरज आहे.’

‘सर, तसं नाही...’ मी म्हणू लागले. ‘असू दे’ म्हणत त्यांनीच फोन ठेवला.